सूर्यावरची काळी रेघ गायब झाली, म्हणजे स्फोट झाला का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

थंडीच्या दिवसांत रविवारी सकाळी आम्ही दोघं-तिघं हौशी मंडळी रंकाळ्याच्या काठावर सूर्याची दुर्बीण लावून बसतो. फिरायला आलेले लोक थांबतात, डोळा लावतात, "लालभडक हाय की ओ!" म्हणतात आणि प्रश्न सुरू होतात. चहा गार होईपर्यंत उत्तरं द्यायची, मग पुढचा घोळका येतो आणि पुन्हा तेच प्रश्न. त्यातच कालच्या फोटोतली एखादी काळी रेघ आज दिसेनाशी झाली की "सूर्यावर महास्फोट, पृथ्वीला धोका" असा निरोप व्हॉट्सअ‍ॅपवर फिरायला लागतो, आणि सोमवारी ऑफिसात तोच विषय. म्हणून हे सगळं एकदा लिहून काढलं. प्रश्न लोकांचेच आहेत, काही तर त्यांच्याच शब्दांत.

दादा, सूर्यावर ती काळी रेघ कसली? डाग आहे का तो?

डाग नव्हे. सौरडाग सूर्याच्या दिसणाऱ्या पृष्ठभागावर असतात आणि साध्या सौरफिल्टरमधूनही दिसतात. ही रेघ पृष्ठभागाच्या वर, सूर्याच्या करोनात म्हणजे बाहेरच्या विरळ वातावरणात तरंगत असते. तिला फिलामेंट म्हणतात, मराठीत सौरतंतू म्हणा हवं तर. करोनाचं तापमान दहा-वीस लाख अंशांच्या घरात, तर या रेघेतलं द्रव्य जेमतेम आठ-दहा हजार अंशांचं. म्हणजे आजूबाजूच्या मानाने ते अगदी थंड, आणि शंभरेक पटीने दाटही. भट्टीच्या तोंडाशी कुणीतरी ओलं फडकं वाळत घालावं आणि ते आठवडाभर तसंच ओलं राहावं, असला हा प्रकार.

ही रेघ दिसण्यासाठी हायड्रोजन-अल्फाचा फिल्टर लागतो. हायड्रोजनच्या ६५६.२८ नॅनोमीटर या एकाच लाल रंगात सूर्य बघायचा. खालून येणारा नेमका तोच प्रकाश फिलामेंटमधला हायड्रोजन शोषतो आणि चहूकडे उधळून टाकतो. आपल्या दिशेने कमी प्रकाश येतो, म्हणून ती काळी दिसते. लांबी काही हजार किलोमीटरपासून काही लाख किलोमीटरपर्यंत. डोळा लावणाऱ्याला ती केसाएवढी दिसते. तिच्या लांबीत एकापुढे एक वीस पृथ्व्या मावतील असं सांगितलं की माणूस पुन्हा एकदा डोळा लावतो.

मग सूर्याच्या कडेवर दिसणाऱ्या लाल ज्वाळा वेगळ्या का?

त्याच. कडेवर आलं की त्याच वस्तूला प्रॉमिनन्स म्हणतात. मागे काळं आकाश असल्यामुळे ती उजळ दिसते. समोरून बघितलं तर काळी रेघ, बाजूने बघितलं तर लाल कमान. सूर्य फिरतो तसं एकच फिलामेंट पूर्वेच्या कडेवर कमान म्हणून उगवतं, मधले बाराएक दिवस काळी रेघ बनून पुढे सरकतं आणि पश्चिमेच्या कडेवर पुन्हा कमान होऊन मावळतं. नावं दोन पडली कारण जुन्या लोकांनी दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या वेळी पाहिल्या.

एवढं जड द्रव्य अधांतरी राहतंच कसं? खाली का पडत नाही?

चुंबकीय क्षेत्रामुळे. विद्युतभारित वायू चुंबकीय रेषांना आडवा ओलांडून सहजासहजी जाऊ शकत नाही. रेषेच्या लांबीने घसरायला मात्र त्याला मोकळीक असते. करोनात काही ठिकाणी या रेषा मधे खाली वाकलेल्या असतात, दोन टोकं वर बांधलेल्या झोळीसारख्या. झोळीत बाळ झोपतं तसं हे थंड द्रव्य त्या खळग्यांत पडून असतं.

ही झोळी कुठेही बांधली जात नाही. सूर्याच्या पृष्ठभागावर एका बाजूला उत्तर ध्रुवीय आणि दुसऱ्या बाजूला दक्षिण ध्रुवीय चुंबकत्व असेल तर त्यांच्या मधल्या सीमेवर, बांधावरच म्हणा ना, फिलामेंट उभं राहतं. म्हणून फिलामेंटांच्या रेघा बघून सूर्यावरच्या चुंबकीय शिवांचा नकाशाच काढता येतो. डागांच्या जवळची फिलामेंटं लहान, बारीक आणि तापट असतात. डागांपासून लांब, शांत भागातली मोठी, रुंद आणि दीर्घायुषी. आठवडे, कधी महिनेसुद्धा टिकतात.

गायब झाली म्हणजे नेमकं काय होतं?

इथे जरा थांबून सांगावं लागेल, कारण सगळा गोंधळ याच शब्दाने घातलेला आहे. पॅरिसजवळच्या मूदाँ वेधशाळेत दाझांब्युजा पती-पत्नींनी वर्षानुवर्षं फिलामेंटं मोजली आणि १९४८ मध्ये त्यांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. अशा घटनांना त्यांनी 'एकाएकी नाहीसं होणं' अशा अर्थाचं फ्रेंच नाव वापरलं आणि तेच रूढ झालं. नाव बघा किती प्रामाणिक आहे. उडालं म्हणत नाही, फुटलं म्हणत नाही. दिसेनासं झालं, एवढंच.

दिसेनासं होण्याच्या तऱ्हा निरनिराळ्या. पहिली म्हणजे झोळी सुटते आणि आतल्या द्रव्यासकट सगळं वर निघून जातं. हा खरा उद्रेक. दुसऱ्या तऱ्हेत झोळी जागच्या जागीच असते, पण आतलं द्रव्य तापतं. हायड्रोजनचे अणू फुटून इलेक्ट्रॉन सुटे झाले की हायड्रोजन-अल्फात दिसायला काही उरतच नाही. पाण्याची वाफ झाली, भांडं तिथेच. काही तासांनी किंवा दिवसांनी द्रव्य निवलं की रेघ पुन्हा त्याच जागी. याशिवाय कधीकधी द्रव्य झोळीच्या दोन्ही टोकांकडून ओघळून खाली उतरतं.

यांच्यापेक्षा फसवी गोष्ट म्हणजे डॉप्लर परिणाम, म्हणजे वेगामुळे प्रकाशाचा रंग किंचित सरकणं. फिलामेंट आपल्या दिशेने निघालं की त्याची लाल रेषा निळ्या बाजूला सरकते. हिशेब सोपा आहे. सेकंदाला सुमारे २३ किलोमीटर वेग असेल तर सरकणं होतं ०.०५ नॅनोमीटर. आमच्या दुर्बिणीच्या फिल्टरची खिडकीच मुळात तेवढी अरुंद. म्हणजे फिलामेंट वर निघालंय, तिथेच समोर आहे, शाबूत आहे, पण आपल्या खिडकीच्या बाहेर गेलंय. घाटात गाडी वळणाआड गेली म्हणून ती दरीत पडली असं होत नाही, तसंच हे. फिल्टरची खिडकी थोडी निळ्या बाजूला वळवली तर तेच फिलामेंट पुन्हा समोर हजर. मोठ्या वेधशाळा म्हणूनच रेषेच्या दोन्ही कुशींत फोटो घेतात.

याच कारणाने काही फिलामेंटं डोळे मिचकावतात. दूर कुठेतरी मोठा फ्लेअर, म्हणजे सूर्यावरचा एकाएकी होणारा झगमगाट, होतो, त्याची लाट सूर्याच्या वातावरणातून धावत येते आणि फिलामेंटला धक्का देते. ते खाली-वर हेलकावे खायला लागतं, प्रत्येक हेलकाव्यात खिडकीतून बाहेर जातं, परत आत येतं. दुर्बिणीत दिसतं ते असं: आहे, नाही, आहे, नाही. १९६० च्या दशकात हे नीट तपासलं गेलं. उद्रेकाचा पत्ताच नाही!

आणि सगळ्यात साधी चूक आमच्याच एका मित्राने केली होती. आदल्या आठवड्याची रेघ गायब म्हणून तो उड्या मारत आला. सूर्य दिवसाला सुमारे १३ अंश फिरतो, रेघ पश्चिमेच्या कडेपलीकडे गेली होती. गायब-बियब काही नाही, मावळली होती.

पण मग फिलामेंट गायब होणं आणि सूर्याचा उद्रेक यांचा संबंध आहे की नाही?

आहे, आणि चांगला घट्ट आहे. वरच्या उत्तराचा अर्थ 'संबंध नाही' असा काढू नका.

सूर्यातून द्रव्याचा प्रचंड लोट अवकाशात फेकला जातो त्याला कोरोनल मास इजेक्शन, थोडक्यात सीएमई म्हणतात. अवकाशातून असा लोट पहिल्यांदा नीट टिपला गेला तो १९७१ च्या डिसेंबरात, ओएसओ-७ या उपग्रहावरून. नंतर १९७३-७४ मध्ये स्कायलॅब या अवकाशस्थानकावरून अशा कितीतरी घटना नोंदल्या गेल्या, आणि त्या तपासल्यावर दिसलं की सूर्यावरच्या एखाद्या घडामोडीशी जोडता आलेल्या लोटांपैकी ७० टक्क्यांहून जास्त लोटांबरोबर प्रॉमिनन्स उसळल्याची किंवा फिलामेंट नाहीसं झाल्याची नोंद होती. फ्लेअरशी जोडी त्यापेक्षा कमी वेळा लागली. १९८१ मध्ये जोसेलिन आणि मॅकिन्टॉश यांनी तर गायब होणारी मोठी फिलामेंटं पृथ्वीवरच्या चुंबकीय वादळाचा इशारा म्हणून वापरता येतील असं दाखवलं.

उलट बाजूने विचारलं, की फिलामेंट हललं तर सीएमई किती वेळा होते, तर उत्तर फिलामेंट कसं हललं यावर आहे. सरळ वर उसळलं तर बहुतेक वेळा होते. आडवं सरकलं, घसरलं, तर पुष्कळदा होत नाही. म्हणून आमचा शिरस्ता असा: रेघ दिसेनाशी झाली की पहिला प्रश्न 'स्फोट किती मोठा' हा नसतो, 'ती वर गेली का' हा असतो.

ते सुटतं कशामुळे?

चऱ्हाट वळताना पाहिलंय का कधी? दोन टोकं धरून पीळ देत गेलं तर दोरी एका मर्यादेपर्यंत सरळ राहते. त्यापुढे एक पीळ जास्त झाला की मधेच तिला आपोआप कडी पडते आणि ती उसळून बाजूला येते. फिलामेंटला धरून ठेवणारं चुंबकीय क्षेत्र पुष्कळदा असंच पिळलेलं चऱ्हाट असतं. खाली पृष्ठभाग सतत खदखदत, सरकत असतो आणि त्या हालचाली पीळ वाढवत राहतात. मर्यादा ओलांडली की कडी. भौतिकशास्त्रात या अस्थिरतेला किंक म्हणतात.

दुसरं कारण समजायला ऊस भरलेली ट्रॉली आठवा. ऊस जागेवर राहतो तो वरून आवळलेल्या दोरांमुळे. फिलामेंटच्या वरूनही चुंबकीय कमानींचे असे दोर गेलेले असतात आणि ते त्याला खाली दाबून ठेवतात. उंचीप्रमाणे या दोरांची पकड कमी होत जाते. ती जर फार झपाट्याने कमी होत असेल आणि फिलामेंट हळूहळू चढत त्या उंचीला पोचलं, तर तिथून पुढे त्याला अडवणारं कुणी नसतं. कधी शेजारी नवं चुंबकीय क्षेत्र खालून उगवतं आणि हे दोरच एकेक करून तोडतं.

तुटलेल्या रेषा फिलामेंटच्या खाली पुन्हा एकमेकींना जोडल्या जातात, आणि खरी ऊर्जा तिथे मोकळी होते. त्यामुळे फिलामेंट गेल्यावर त्या जागेच्या दोन्ही बाजूंना दोन उजळ पट्टे दिसतात, एकमेकांपासून हळूहळू लांब जाणारे. मागाहून त्यांच्यावर मांडवाच्या कमानींसारखी चमकत्या कमानींची रांग उभी राहते. फिलामेंट वर गेलं की नाही याची ही पावती समजायची. पट्टे आणि कमानी दिसल्या तर गेलं. नुसतीच रेघ पुसली गेली, बाकी सगळं शांत, तर तापलं असण्याचीच शक्यता मोठी.

सुटण्याआधी काही चाहूल लागते का? पुष्कळदा लागते. रेघ जास्त काळी, जाड दिसते, थरथरते, काही तास किंवा एखादा दिवस हळूहळू वर सरकते. पण अशी चाहूल देऊन मुकाट पुन्हा बसणारी फिलामेंटंही काही कमी नाहीत. त्यामुळे अमक्या वाजता सुटेल असं कुणी सांगत असेल तर सोडून द्या.

सीएमईमध्ये फिलामेंट असतं कुठे?

पोटात. सूर्याला तबकडीने झाकून बाजूचा फिका करोना टिपणाऱ्या कॅमेऱ्यात नमुनेदार सीएमईचे तीन भाग दिसतात. पुढे उजळ कडा, तिच्या मागे काळसर पोकळी आणि पोकळीत चकाकणारा गाभा. तो गाभा म्हणजे पुष्कळदा कालपर्यंत आपल्याला काळी रेघ म्हणून दिसणारं फिलामेंट. पोकळी म्हणजे ते पिळाचं चऱ्हाट. एका लोटात साधारण शंभर कोटी टन द्रव्य असतं, मोठा असेल तर त्याच्या दसपट. वेग सेकंदाला दोन-तीनशे किलोमीटरपासून तीन हजारांपर्यंत.

फ्लेअर झाला नाही म्हणजे उद्रेकही झाला नाही, असंच ना?

हा गैरसमज मला सगळ्यात जास्त खटकतो, आणि त्याला बातम्या देणारेही जबाबदार आहेत. एक्स वर्गाचा फ्लेअर झाला की मथळा. सी वर्गाचा झाला की कुणी ढुंकून बघत नाही. ए, बी, सी, एम, एक्स ही प्रतवारी फक्त क्ष-किरणांच्या झगमगाटाची आहे, प्रत्येक पायरी आधीच्या दसपट. किती द्रव्य फेकलं गेलं, कुठल्या दिशेने गेलं, याबद्दल ती काहीच सांगत नाही.

३१ ऑगस्ट २०१२ चं उदाहरण घ्या. लांबलचक फिलामेंट बरेच दिवस करोनात लटकत होतं, ते सुटलं. सीएमईचा वेग सेकंदाला १,४०० किलोमीटरच्या वर. पृथ्वीकडे ती सरळ रोखलेली नव्हती, नुसती चाटून गेली, तरी ३ सप्टेंबरच्या रात्री ध्रुवीय प्रकाश दिसला. सोबतचा फ्लेअर कुठला? सी वर्गाचा. पुढच्या वर्षी २९-३० सप्टेंबरला डागांपासून लांबचं, तीन लाख किलोमीटरहून लांब फिलामेंट उडालं. चंद्रापर्यंतचं अंतर आपल्यापासून ३ लाख ८४ हजार किलोमीटर, यावरून अंदाज घ्या. मागे सूर्यावर जो चर पडल्यासारखा दिसला त्याला नासाने 'आगीची दरी' असं नाव दिलं. फ्लेअर पुन्हा सी वर्गाचाच.

असं का होतं? डागांजवळ चुंबकीय क्षेत्र तीव्र असतं, तिथे सुटलेली ऊर्जा झगमगाटात दिसते. शांत भागात क्षेत्र फिकं पण पसरट. झोळी मोठी, लख्खपणा कमी. तोफेचा आवाज झाला नाही म्हणून गोळा सुटला नाही असं इथे धरून चालत नाही. नुसता क्ष-किरणांचा आलेख बघणाऱ्याच्या हातून ही फिलामेंटं निसटतात. रोज सूर्याकडे बघणाऱ्याला आदल्या दिवशीची रेघ आठवत असते.

सगळं द्रव्य उडून जातं का?

नाही. ७ जून २०११ च्या उद्रेकाची चित्रफीत मिळाली तर जरूर बघा. सूर्याचा बराच भाग व्यापेल इतकं काळं द्रव्य वर उसळलं आणि त्यातलं पुष्कळसं पावसासारखं परत कोसळलं. जिथे पडलं तिथे ठिणग्या चमकल्या. काही उद्रेक तर अर्ध्यातच फसतात. वरचे दोर इतके घट्ट असतात की फिलामेंट उसळतं, आदळतं आणि माघारी येतं. सीएमई शून्य. आणि खरोखर निघून गेलेल्या फिलामेंटच्या जागीही काही दिवसांत नवी रेघ धरू लागते, कारण चुंबकीय शीव तिथेच असते.

निघालेला लोट आपल्यापर्यंत यायला किती वेळ लागतो?

सेकंदाला ५०० किलोमीटर धरले तर १५ कोटी किलोमीटरला साडेतीन दिवसांच्या आसपास. फार वेगवान असेल तर एखादा दिवस. १८५९ च्या प्रसिद्ध वादळात साडेसतरा तासांतच पोचला होता. पण आधी तो पृथ्वीच्या दिशेने निघालेला हवा. फिलामेंट सूर्याच्या मध्यावर असताना सुटलं तर शक्यता जास्त, कडेवर असताना सुटलं तर फोटो झकास मिळतात आणि आपल्याकडे सहसा काही येत नाही. सगळ्यात सुंदर दिसणारे उद्रेक पुष्कळदा सगळ्यात निरुपद्रवी असतात ते यामुळे.

पोचल्यावरही एक अट उरते. लोटाबरोबर आलेलं चुंबकीय क्षेत्र दक्षिणेकडे वळलेलं असेल तर ते पृथ्वीच्या क्षेत्राशी जुळतं आणि ऊर्जा आत शिरते. उत्तरेकडे वळलेलं असेल तर बऱ्यापैकी मोठा लोटही दारावरून जातो. ही दिशा खात्रीने कळते ती लोट पृथ्वीच्या अलीकडे १५ लाख किलोमीटरवर, एल-१ बिंदूपाशी पोचल्यावरच. आपलं आदित्य-एल१ तिथेच आहे. २ सप्टेंबर २०२३ ला निघालं, ६ जानेवारी २०२४ ला कक्षेत बसलं. तिथून पृथ्वीपर्यंत ५०० च्या वेगाने ५० मिनिटं, हजारच्या वेगाने २५. म्हणजे दिवस-दोन दिवस आधी 'येतंय' एवढं सांगता येतं, 'कसं लागेल' हे तासाभर आधी.

कोल्हापुरात आपल्याला काय होईल? लाईट जाईल? मोबाईल बंद पडेल?

लाईट जायला आपल्याकडे वळवाचा पाऊस पुरतो. गंमत सोडा, १३ मार्च १९८९ ला कॅनडातल्या क्वेबेकमध्ये सौरवादळामुळे सुमारे नऊ तास वीज गेली होती, साठ लाख लोक अंधारात होते. पण ते उत्तरेला. कोल्हापूर १६.७ अक्षांशावर, तशी जोखीम इथे फारच कमी. मोबाईलचे टॉवर आपापसांत बोलतात त्यालाही धक्का लागत नाही.

आपल्याला संबंध येतो तो जीपीएसशी. उपग्रहाचा संदेश आयनांबरातून, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरातून येतो आणि विषुववृत्ताजवळच्या पट्ट्यात आयनांबर मुळातच खोडकर. सूर्यास्तानंतर त्यात बुडबुडे उठतात आणि संदेश थरथरतो. सूर्य शांत असतानाही हे होतं. वादळ आलं की वेळापत्रक बिघडतं, कधी बुडबुडे वाढतात, कधी उलट दबतात. उसावर ड्रोनने फवारणी करणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे. हे बुडबुडे अभ्यासायचं काम आपल्या गावातच चालतं हे मात्र फार थोड्यांना ठाऊक आहे. शिवाजी विद्यापीठाच्या आवारात भारतीय भूचुंबकत्व संस्थेचं केंद्र आहे. तिथला रडार ऐंशी ते शंभर किलोमीटर उंचीवरचे वारे मोजतो, आणि रात्रीच्या आकाशाची अगदी मंद लाल झाक टिपून बुडबुड्यांचा माग काढला जातो.

लहान वादळही अवकाशात महागात पडू शकतं. ३ फेब्रुवारी २०२२ ला सोडलेल्या ४९ स्टारलिंक उपग्रहांपैकी ३८ गेले, कारण किरकोळ वादळाने वरची हवा फुगली आणि खालच्या कक्षेत असलेल्या उपग्रहांना तिचा अडसर झाला.

पन्हाळ्यावरून ध्रुवीय प्रकाश दिसेल का?

नाही. मे २०२४ च्या मोठ्या वादळात लडाखमधल्या हानले इथून आकाशात लाल झाक टिपली गेली, ती भारतातली मोठी बातमी. पन्हाळ्यावर तुम्हाला रात्री लाल झाक दिसली तर ती खालच्या दिव्यांची.

किरणोत्सवावर याचा काही परिणाम होतो का?

अंबाबाईच्या देवळात नोव्हेंबरात आणि जानेवारीच्या अखेरीस मावळतीची किरणं मूर्तीपर्यंत पोचतात की नाही हे ठरतं ढग, धूळ, धुरकं आणि वाटेतल्या इमारतींवर. फिलामेंटचा काडीचाही संबंध नाही.

महापूर, उष्णतेची लाट यांच्याशी?

नाही. आणि पत्रिकेशीही नाही.

हेलियमचा शोध विजयदुर्गावर लागला, तोही याच ज्वाळांतून. खरं का?

अर्धं खरं, आणि कोल्हापूरकर गगनबावड्यावरून विजयदुर्गाला सारखे जातात म्हणून हा प्रश्न हटकून येतो. १८ ऑगस्ट १८६८ ला खग्रास ग्रहण झालं. सावलीचा पट्टा कोकण किनाऱ्यावरून आत शिरून जमखंडी, गुंटूर असा पूर्वेकडे गेला. विजयदुर्ग आणि जमखंडी यांच्या बरोबर मधे असलेलं आपलं कोल्हापूरही त्या दिवशी भर सकाळी अंधारलं असणार. जमखंडीला जॉन हर्शेल होते, गुंटूरला फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन. प्रॉमिनन्सच्या प्रकाशाचं पृथक्करण करून ते तापलेल्या वायूचे आहेत हे त्या दिवशी पक्कं झालं, आणि वर्णपटात सोडियमच्या जोडरेषांजवळ एक पिवळी रेषाही दिसली. जान्सेननी दुसऱ्या दिवशी ग्रहण नसतानाही या ज्वाळा पाहून दाखवल्या. तिकडे इंग्रज खगोलशास्त्रज्ञ लॉकियरनी २० ऑक्टोबरला स्वतंत्रपणे तेच केलं आणि ती पिवळी रेषा नव्या मूलद्रव्याची असल्याचं पुढे मांडलं. पण लॉकियर तेव्हा इंग्लंडात होते. किल्ल्यावरच्या ओट्यांवरून त्यांनी ग्रहण पाहिलं ही गोष्ट ऐकायला छान आहे, एवढंच. तरी ज्या काळ्या रेघेबद्दल आपण बोलतोय तिच्याच बाजूच्या रूपाने हेलियमचा पत्ता लावला, हे खरंच.

मला हे घरून बघायचंय. काय लागेल?

नुसत्या डोळ्यांनी सूर्याकडे बघू नका, ग्रहणाचा चष्मा असेल तर डाग दिसतील, फिलामेंट दिसणार नाही. साध्या दुर्बिणीला लावायच्या सौरफिल्मनेही नाही. हायड्रोजन-अल्फाचीच दुर्बीण लागते आणि ती महाग असते. चार जणांत मिळून घ्या किंवा आमच्याकडे या. नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या सकाळी उत्तम, हवा स्थिर असते. जून ते सप्टेंबर विसरा.

दुर्बिणीशिवायही रोजचा पाठपुरावा करता येतो. गाँग नावाचं सहा वेधशाळांचं जगभरचं जाळं आहे, त्यातली एक उदयपूरच्या सौरवेधशाळेत. हे जाळं मिनिटामिनिटाला हायड्रोजन-अल्फाचे फोटो टाकतं आणि ते कुणालाही मोफत बघता येतात. कालचा आणि आजचा फोटो शेजारी ठेवा, १३ अंशांचं फिरणं वजा करा, रेघा जुळवा. एखादी जुळली नाही तर मधले फोटो बघा: ती सरकत गेली की जागीच विरली? मग सोहो उपग्रहाच्या करोनाच्या चित्रांत पुढच्या काही तासांत लोट दिसतो का ते तपासा. पुण्याच्या आयुकात बनलेला आदित्यवरचा सूट कॅमेरा अतिनील प्रकाशात हीच फिलामेंटं टिपतो. जुन्या काळात डोकवायचं असेल तर कोडाईकनाल वेधशाळेत १९१२ पासूनचे हायड्रोजन-अल्फाचे फोटो जपलेले आहेत.

तुम्ही स्वतः कधी रेघ गायब होताना पाहिलीय?

होताना नाही, झाल्यावर. एका शनिवारी सूर्याच्या ईशान्येला झकास लांब रेघ होती, मी वहीत काढून ठेवली. रविवारी रंकाळ्यावर दुर्बीण लावली तर जागा रिकामी. मंडळींना मोठ्या तोऱ्यात सांगितलं की काल रात्री सूर्यावर मोठा उद्रेक झालेला आहे. एका सातवी-आठवीतल्या मुलीने विचारलं, "काका, तुम्ही बघितला का?" घरी येऊन गाँगचे फोटो काढले. रेघ सरकली नव्हती, जागीच फिकी होत गेली होती. पट्टे नाहीत, कमानी नाहीत, करोनाच्या चित्रांत लोट नाही. मंगळवारी सकाळी गच्चीवरून पाहिलं तर त्याच जागी, जरा बारीक, पण तीच रेघ. पुढच्या रविवारी ती मुलगी आली नाही, तिला सांगायचं राहिलंय.